डोळ्याच्या पडद्यावरचे दोन घाव

अंघोळीचं पाणी

भूषणने मला मारलं तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते. भूषण माझा मुलगा, चोवीस वर्षांचा. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. बमरोलीत आमच्या गल्लीत त्या दिवशी पाणी उशिरा आलं, म्हणून त्याच्या अंघोळीचं पाणी अजून गॅसवरच होतं.

"दहा मिनिटं थांब," मी म्हणाले.

तो थांबला नाही. पातेलं उचलून भिंतीवर आपटलं. गरम पाणी माझ्या पायांवर उडालं. मी ओरडले, "अरे, काय करतोस?" एवढंच माझं बोलणं. त्याची मूठ थेट माझ्या उजव्या डोळ्यावर आली. मी मागे कपाटावर आदळले. डोळ्यासमोर आधी पांढरा जाळ झाला, मग सगळं लाल. खाली बसले तर तो माझ्या डोक्यावर उभा राहून म्हणाला, "कितीदा सांगितलं, उलट बोलू नको!"

त्याचे वडील आतल्या खोलीत होते. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये ते बॉयलरवर काम करतात. ते बाहेर आले, पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, आणि डबा घेऊन कामावर निघून गेले.

अर्ध्या तासाने भूषणनेच समोरच्या दुकानातून बर्फ आणला. रुमालात बांधून माझ्या डोळ्यावर धरला. "आई, राग येतो माले, काय करू?" म्हणाला.  ज्याने मारलं तोच हात मी धरून बसले.

हे सगळं मी लिहितेय, कारण ज्या दवाखान्यात माझ्या डोळ्यावर उपचार झाले तिथल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं, तुमच्यासारख्या बायका इथे रोज येतात आणि सगळ्याच सांगतात, बाथरूममध्ये पडले.

मधलं गायब

सूज आठवड्यात उतरली. निळं, मग हिरवट, मग पिवळं झालं. मी कामाला जायला लागले. माझं काम कापड तपासायचं. उतारावर लावलेल्या काचेवरून कापड खाली सरकतं, मागे ट्यूबलाइट असते. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली चूक दिसली की खडूने खूण करायची. सोळा वर्षं मी हेच केलंय.

त्या आठवड्यात मी चांगल्या कापडावर खुणा केल्या. प्रत्येक ताग्यात मधोमध राखाडी भोक दिसायचं. तागा बदलला तरी भोक तिथेच. सुपरवायझरने मला बोलावून कापड माझ्या तोंडावर फेकलं. "कल्पनाबेन, आ शुं छे? कुठे आहे डाग?"

मी डावा डोळा झाकून त्याच्याकडे बघितलं. त्याला कान होते, खांदे होते, तोंडाच्या जागी काहीच नव्हतं.

संडासात जाऊन मी खूप वेळ दाराची कडी बघत राहिले. दाराची सरळ कड मधे वाकलेली दिसत होती आणि कडी गायब होती.  मूठ बसली तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते.

हिरवा दिवा

दवाखान्यात मला भूषणच घेऊन गेला, त्याच्या गाडीवर मागे बसवून. खड्डा आला की हळू करायचा. खिडकीवर नाव लिहून घेणाऱ्या बाईला तोच म्हणाला, "आई बाथरूममध्ये पडली. नळ लागला." मी मान हलवली.

आधी डोळ्यांत थेंब घातले. ते झोंबतात, आणि नंतर बाहुली इतकी मोठी होते की उजेड सुईसारखा आत घुसतो. काळा चष्मा सोबत न्या, आणि एकट्या जाऊ नका. माझ्यासोबत माझा मुलगा होता. त्याने माझा दंड घट्ट पकडला होता, लोक म्हणाले असतील, किती जपतो आईला.

मग एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. हनुवटी एका टेकूवर, कपाळ पट्टीला दाबलेलं. यंत्र चालवणारी मुलगी गुजराती होती. "बेन, माथुं अडाडी राखो. लीली लाइट जुओ. आंख बंध नहीं करवानी."

डोकं टेकवून ठेवा, हिरव्या दिव्याकडे बघा. मी डाव्या डोळ्याने बघितला. उजव्याने बघायला गेले तर दिवाच नाही. जिथे बघावं तिथून तो नाहीसा व्हायचा. ती पुन्हापुन्हा म्हणायची, "सामे जुओ ने," आणि मी समोरच बघत होते. शेवटी तिने माझं डोकं मागून हलकेच दाबून धरलं.

डोक्यावर हात पडला तशी मी किंचाळले. खुर्ची मागे ढकलली, हात वर करून तोंड झाकलं. ती मुलगी घाबरून भिंतीला लागली.

 मग तिने पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हवे अडुं, बेन?" आता हात लावू का. असं मला आधी विचारून कुणी हात लावल्याचं मला तरी आठवत नाही. मी हो म्हणाले. आम्ही फोटो काढले.

"और ये कब गिरीं?"

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. एक गोल, नारिंगी, त्यावर लाल शिरांच्या फांद्या. तो माझ्या डोळ्याच्या आतला पडदा. दुसरं काळंपांढरं, तोच पडदा आडवा कापून दाखवल्यासारखं. एकावर एक थर, सगळे सुरळीत, आणि मधेच खंड. दोन्ही कडा वर उचललेल्या, मधे काही नाही. मला कुणी समजावायची गरज नव्हती. फाटलेलं कापड मी ओळखते.

भूषण माझ्या मागे उभा होता. चित्र बघून त्याचा श्वास अडकला तो मला ऐकू आला.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "बाथरूम में गिरीं?"

"हां," भूषण म्हणाला.

"आपसे नहीं पूछा. आप बाहर बैठिए."

तो गेला. त्यांनी नारिंगी चित्राच्या एका बाजूला बोट ठेवलं. तिथे कोयरीच्या कडेसारखी वाकडी पांढरी रेघ होती. "भोक नवीन आहे. ही रेघ जुनी आहे, वर्ष तरी झालं असेल. जोराचा मार बसल्याशिवाय अशी रेघ पडत नाही. और ये कब गिरीं?"

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पुरणपोळ्या करत होते. त्याने तांब्या फेकून मारला होता. बहिणीला मी सांगितलं होतं की दार लागलं. आठ दिवस अंधुक दिसलं, मग बरं वाटलं, आणि मी विसरून गेले. म्हणजे मला वाटलं विसरले.

त्या चित्रापुढे मला खोटं बोलायला काही सुचेना. मी फक्त त्या रेघेकडे बघत राहिले.

त्यांनी सांगितलं, अशा मारामध्ये पोलिसांना कळवता येतं, ते सांगणं माझं काम आहे. मी त्यांचे पाय धरले, खरोखर खुर्चीवरून उतरून धरले. "मॅडम, त्याचं लग्न ठरतंय." त्यांनी मला उठवलं. कागदावर लिहिलं: रुग्णाच्या सांगण्यानुसार पडल्यामुळे. लिहिताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली.

बाहेर भूषणने विचारलं, "काय सांगितलंस?"

"काही नाही."

"शाबास," तो म्हणाला.

ऑपरेशन

ऑपरेशनचं फार सांगत नाही. डोळ्याच्या बाजूला सुई देतात, ती दुखते, मग दुखत नाही. तुम्ही जाग्या असता. तोंडावर हिरवं कापड असतं, डोळ्यात काहीतरी फिरतंय हे कळतं, आणि डॉक्टर नर्सला भाजी काय केली ते विचारत असतात. मला त्या भाजीच्या बोलण्याने फार धीर आला.

शेवटी डोळ्यात हवेचा बुडबुडा भरतात. तो वर तरंगतो आणि मागच्या भोकाला दाबून धरतो. म्हणून आठवडाभर तोंड खाली ठेवायचं. जेवताना, झोपताना, चालताना सुद्धा. डॉक्टर म्हणाल्या, "डोकं वर केलंत तर सगळं वाया जाईल."

पालथी

पहिल्या दिवशी मानेत कळा, दुसऱ्या दिवशी पाठीत, तिसऱ्या दिवशी मला कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटला. कॉटच्या कडेला उशांचं कडं करून त्यात कपाळ ठेवायचं आणि खालची फरशी बघायची. नाकातून पाणी ठिबकायचं. दाराबाहेर कापडाच्या लूम्सचा खडखडाट दिवसभर, आणि तो कपाळातून आत शिरायचा.

मला फक्त पाय दिसायचे. यांचे पाय, टाचा फुटलेल्या. भूषणचे पाय, नव्या बुटांत. ते जवळ आले की माझं अंग आखडायचं. पाय थांबायचे. मी वाट बघायचे. पाय वळायचे आणि जायचे. मारलेलं परवडलं, असं वाटायचं.

शेजारी सबिता राहते, ओडिशाची. तिचा नवरा लूमवर आहे. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत. मला गिळता येत नाही हे बघून तिने भात मऊ करून डाळीत कालवला, ताटली खाली फरशीवर ठेवली, आणि स्वतः खाली बसून चमच्याने भरवलं. तिने कधी विचारलं नाही कसं लागलं. आमच्यामधली भिंत चार इंचांची आहे. तिला सगळं ठाऊक होतं.

यांच्याबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. भूषण लहान असताना हेही मला मारायचे. रोज नाही. पण भूषण दाराला टेकून बघायचा, आणि मी त्याला जवळ घेऊन म्हणायचे, काही नाही रे, पप्पा दमलेत. पालथं पडून आठवडा काढायचा म्हणजे असलं सगळं बघावं लागतं. दुसरीकडे मान वळवताच येत नाही.

कोमल

पाचव्या दिवशी मुलीकडचे मला बघायला आले. कोमल, तिची आई आणि मामा. नंदुरबारकडचे, आता कडोदऱ्याला राहतात. साखरपुडा महिन्यावर आला होता. पुरुष बाहेर बसले. भूषणने सरबत आणलं. त्याचा हसण्याचा आवाज आत येत होता. कोमलची आई माझ्या पाठीवरून हात फिरवून "लवकर बऱ्या व्हा" म्हणाली आणि बाहेर गेली.

कोमल थांबली. मला तिचे पाय दिसले. पैंजण, बोटांना मेंदी. मग ती खाली बसली, ओढणीची घडी डोक्याखाली घेतली, आणि सरळ माझ्या तोंडाखाली फरशीवर आडवी झाली. पाच दिवसांनी मला माणसाचा चेहरा दिसला. डाव्या डोळ्याने, पण पूर्ण दिसला.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "खरं सांगा. नळ लागला का?"

मी नजर बाजूला नेली.

"ते मला फोनवर एकदा म्हणाले, थोबाड फोडीन. नंतर म्हणाले मस्करी होती. मी घरी सांगितलं तर मामा म्हणतो पोरं बोलतात अशी."

माझ्या डोळ्यातून पाणी पडलं ते तिच्या गालावर. तिने पुसलं नाही. बाहेर भूषण कुणाला तरी सांगत होता, "आईसाठी तर मी सुट्टी टाकली."

तो माझा एकुलता मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळी मी दोन दिवस कळा सोसल्या. त्याचं लग्न व्हावं म्हणून मी चार वर्षं नातेवाइकांचे उंबरे झिजवले. आणि माझ्यापुढे बावीस वर्षांची एक मुलगी फरशीवर पडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"त्यानेच मारलं," मी म्हणाले. "दोनदा. याच डोळ्यावर. तू नाही म्हण, बेटा."

ती डोळे मिटून क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठली. बाहेर जाऊन सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आई, चल. मला हे लग्न करायचं नाही."

मान

ते गेले. मग बूट आत आले.

"काय सांगितलंस तिला?"

मी दोन्ही हातांनी कॉटची लोखंडी पट्टी धरली.

"मी काय विचारतोय? माझ्याकडे बघ!" त्याने माझे केस धरले आणि वर ओढले. "मान वर कर! बघ माझ्याकडे!"

मी कपाळ उशीत दाबलं. तो ओढत होता आणि मी खाली जात होते. केस उपटल्याचा आवाज कवटीत ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने लाथ मारून कॉट सरकवली. पाण्याची बाटली फुटली. पाठीत गुद्दा बसला, दुसरा बसला. मी एकच गोष्ट मनात धरून होते: तोंड खाली. हातापायांचं काय वाटेल ते होवो, तोंड खाली.

तेवढ्यात फुटक्या टाचांचे पाय धावत आत आले.

"सोड तिले!" हे ओरडले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी यांचा तो आवाज ऐकला नव्हता. "सोड, नायतर माले मार!"

त्याने वडिलांना मारलं. मला दिसलं नाही, ऐकू आलं. काहीतरी ओलं फरशीवर पडलं. रक्त, आणि त्यात अर्धा दात. पण हे हटले नाहीत. माझ्या पाठीवर आडवे पडले. त्यांच्या अंगावरचे मार मला त्यांच्यातून जाणवत होते.

दारावर कुणीतरी लाटण्याने बडवत होतं. सबिता. "खोलो! पुलिस को फोन किया! खोलो!" तिच्यामागे गल्लीतल्या बायका. दार उघडंच होतं, पण ती बडवतच राहिली. भूषणने सगळ्यांकडे बघितलं, आणि बायकांना ढकलून निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

हे माझ्या पाठीवरून उतरून खाली बसले आणि रडू लागले. "मन्हाच पाप शे," माझंच पाप आहे, एवढंच म्हणत राहिले. मी त्यांना नाही म्हणाले नाही. ते खरंच होतं.

दुसऱ्यांदा यंत्रापुढे

दुसऱ्या दिवशी सबिता मला दवाखान्यात घेऊन गेली. रिक्षात मी तिच्या मांडीत तोंड खुपसून बसले होते. डॉक्टरांनी डोळा तपासला. मग म्हणाल्या, "बुलबुला अपनी जगह पर है." माझ्या पाठीवरचे वळ त्यांनी स्वतः बघितले.

या वेळी त्यांनी विचारायच्या आत मीच म्हणाले, "मॅडम, ते पडल्यामुळेवालं बदलायचंय."

त्यांनी नवा कागद घेतला. मुलाने मारल्यामुळे, असं लिहिलं. खाली दोन्ही घावांच्या तारखा, जेवढ्या मला आठवल्या तेवढ्या. नारिंगी आणि काळंपांढरं, दोन्ही चित्रं सोबत जोडली. पोलीस चौकीत हवालदार आधी म्हणाला, घरचं भांडण आहे, आई-लेकराचं, मिटवून टाका. मी चित्रं त्याच्या टेबलावर ठेवली. पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून सांगितलं, ही मागच्या आखाजीची. भोकावर बोट ठेवलं, हे आत्ताचं. तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने रजिस्टर उघडलं.

बुडबुडा विरायला काही आठवडे लागतात. पाणी भरलेल्या भांड्यातून बघतोय असं वाटतं, ती पातळी रोज थोडी खाली सरकते. तिसऱ्या महिन्यात पुन्हा फोटो काढले. यंत्रावर तीच मुलगी होती. "लीली लाइट देखाय छे?" तिने विचारलं. हिरवा दिवा दिसत होता. वाकडा, थोडा फिका, पण दिसत होता. थर पुन्हा जुळले होते. तिने माझ्याआधी बघितलं आणि टाळी वाजवली, मग लाजली.

पूर्वीसारखं दिसत नाही. उजव्या डोळ्याने बारीक अक्षर वाचता येत नाही, सरळ रेघ मधे थोडी लचकते. तपासणीचं काम गेलं. मी आता साड्यांच्या घड्या घालते. ज्यांना डोळ्यावर मार बसलाय त्यांना एवढंच सांगते: सूज उतरली म्हणून बरं झालं असं समजू नका, एक डोळा झाकून दुसऱ्याने दाराची कड बघा. आणि विचारणाऱ्याला खरं सांगा. मी पहिल्या वेळी खरं सांगितलं असतं तर दुसरा घाव पडलाच नसता, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. पण रेघ तरी वेळेवर कुणीतरी बघितली असती.

हे आता घरात असले की स्वयंपाकाला मदत करतात. न सांगता. मी कधी आभार मानत नाही.

फोन

भूषणला पोलिसांनी पकडलं, मग तो जामिनावर सुटला. दुसरीकडे कामाला लागलाय असं कळलं, कुठे ते मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात दुपारी मी कांदा चिरत असताना त्याचा फोन आला.

"आई, डोळा कसा आहे?"

"भोक बुजलं."

 "मग केस मागे घे ना. आता तर दिसतंय तुला."

"दिसतंय," मी म्हणाले. "म्हणूनच नाही घेणार."

मला वाटलं तो ओरडेल. फोन कानापासून लांब धरला. तो ओरडला नाही. मागे मशीनचा आवाज येत होता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"हो."

"काय जेवलास?"

"खिचडी," तो म्हणाला. मग म्हणाला, "खारट होती."

आणि रडायला लागला. मी फोन ठेवला नाही. घरी ये असंही म्हणाले नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत उभी राहिले, मग त्याने फोन ठेवला आणि मी उरलेला कांदा चिरला.